पूल झुलतो तो का?
(चांदा-गडचिरोलीच्या वनप्रांतात सुचलेले विचार)

प्रवासास निघालेला मनुष्य देवळे पाहतो, किल्ले पाहतो, धबधब्यापुढे उभा राहून दोन घटका स्वतःस विसरतो; पण ज्या पुलावरून तो तेथवर पोहोचला, त्याची आठवण त्यास क्वचितच राहते. पूल हा घरातील वडीलधाऱ्या माणसासारखा असतो. तो आहे तोवर त्याचा विचार कोणी करीत नाही. नाहीसा झाला म्हणजे मात्र पदोपदी अडते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हिंडताना आम्हांस हे जितके पटले, तितके अन्यत्र कोठेही पटले नव्हते.

हा सारा मुलूख पूर्वी एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली त्यातून वेगळा झाला. नकाशा उघडून पाहावे तो नद्यांचे जाळेच दृष्टीस पडते. उत्तरेकडून वैनगंगा येते. मार्कंड्यास ती उत्तरवाहिनी होते म्हणून भाविकांस त्या स्थानाचे महत्त्व. पुढे चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते; समोरच्या तीरावर काळेश्वराचे क्षेत्र आहे. पूर्वेकडून इंद्रावती येते, ती सोमनूरजवळ गोदावरीत विलीन होते. या थोर नद्यांना मिळणारे लहान प्रवाह व नाले तर किती म्हणून मोजावे! उन्हाळ्यात ज्याच्या वाळूतून पोरे धावत जातात, तोच नाला श्रावणात हत्तीसही उभा राहू देणार नाही.

मार्गशीर्षाच्या थंडीत आम्ही घरची मंडळी नागपुराहून निघालो. नागपूरच्या स्थानकापाशी रुळांवरून गेलेला 'राम झुला' पाहून मुलांनी तो झुलेल म्हणून बरीच वाट पाहिली. पण तो काही झुलला नाही. चंद्रपुरास गोंड राजांचा परकोट व महाकालीचे देऊळ पाहून आम्ही मूलवरून गडचिरोलीस आलो, आणि आलापल्लीच्या प्रसिद्ध सागवानातून हेमलकशावरून भामरागडास पोहोचलो. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांचा तेथे संगम आहे. गावात शिरताना पर्लकोटेवरून जावे लागते. तेथला जुना पूल ठेंगणा. पावसाळ्यात नदी चढली की पुलावरून पाणी वाहते आणि भामरागडाचा व पलीकडील कित्येक खेड्यांचा जगाशी संबंध तुटतो. अलीकडे तेथे उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले, ते याच कारणास्तव.

पुलाच्या कडेला उभे राहून खालचे निवळ पाणी पाहत असता आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ऋषिकेशचा लक्ष्मण झुला गंगेच्या केवढा तरी वरून जात होता. तसा दोरांवरचा पूल इथे टाकला, तर पुराची भीतीच नको. पण बाई, तो हलायचा फार! मी तर रामनाम घेत पलीकडे गेले होते."

वहिनींच्या या दोन वाक्यांत पूल बांधण्याच्या शास्त्रातील एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. पाण्याचे वैर चुकवावे म्हणून पूल उंच टांगावा, तर वाऱ्याशी गाठ पडते. लक्ष्मण झुल्याचीच कथा पाहा. तेथे १८८९ साली बांधलेला लोखंडी दोरांचा पूल १९२४ च्या महापुरात वाहून गेला. नवा पूल १९३० साली खुला झाला. त्याने सुमारे नव्वद वर्षे यात्रेकरूंची सेवा केली, आणि जीर्ण झाला म्हणून २०१९ मध्ये तो बंद करण्यात आला. इतकी वर्षे तो हलतच होता. हलत होता म्हणून पडला मात्र नाही. तेव्हा हलणे म्हणजे धोका, हे समीकरण सरसकट खरे नव्हे.

झुलता पूल हलतो का, हे समजण्यास आपल्या ओटीवरचा झोपाळा पुरेसा आहे. दोन मनोऱ्यांवरून दोन जाड पोलादी दोर सोडलेले, त्यांची टोके दोन्ही तीरांस जमिनीत पक्की जखडलेली, आणि त्या दोरांस उभ्या तारांनी टांगलेला चालण्याचा मार्ग, अशी या पुलाची रचना असते. खांबांवर ठेवलेला दगडी पूल आपल्या ताठपणाने उभा राहतो. टांगलेला पूल मात्र दोराच्या ताणाने आणि स्वतःच्या वजनाने स्थिर राहतो. माणसे, गाड्या, वारा, जो जो भार येईल त्यास अनुसरून दोर आपला आकार किंचित बदलतो. ते वाकणे हाच त्याचा स्वभाव होय. नागपूरच्या राम झुल्यात दोर मनोऱ्यावरून तिरपे येऊन थेट मार्गासच बांधलेले आहेत. त्यामुळे जागोजाग त्रिकोण होतात आणि त्रिकोण सहसा आकार सोडीत नाही. मुलांची निराशा झाली ती यामुळेच!

आता वारा काय करतो ते पाहू. पर्लकोटेच्या पुलाच्या खांबांमागे पाण्यात लहान लहान भोवरे सुटत होते. एक डावीकडून, दुसरा उजवीकडून, पुन्हा डावीकडून, अगदी ठेक्यात. हवा हीदेखील एक प्रकारचे पाणीच. झुलत्या पुलाच्या बोथट कडेवर वारा आदळला म्हणजे त्याच्या पाठीमागे असेच भोवरे सुटतात. एक वरच्या अंगाने, एक खालच्या अंगाने. त्यामुळे पुलास आळीपाळीने वर व खाली हिसका बसतो. प्रत्येक झोपाळ्याचा जसा स्वतःचा एक ठेका असतो, तसा प्रत्येक पुलासही असतो. भोवऱ्यांचा ठेका व पुलाचा ठेका जुळला की लहान मुलाने वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यांनी थोराचाही झोपाळा आढ्याकडे जावा, त्याप्रमाणे मंद वाऱ्यातही पूल लाटेसारखा वरखाली होऊ लागतो. वारा याहून कमी झाला किंवा वाढला की हे नृत्य थांबते. म्हणून ते त्रासदायक असले तरी बहुधा घातक नसते.

घातक प्रकार निराळाच आहे. पिंपळाखाली उभे राहून वर पाहावे. अंगास झुळूकही जाणवत नाही, पण पाने सळसळत असतात. पातळ देठावरचे रुंद पान जरा कलले की वारा त्यास अधिक कलवितो. देठ त्यास परत ओढतो, ते दुसऱ्या अंगास कलते, आणि तिकडूनही वारा तेच करतो. येथे वारा ठेका धरून येत नाही. तो एकसारखा वाहत असतो. हलणारे पान आपल्या हलण्यानेच वाऱ्यातून बळ उपसून घेते. पानाचे त्यात काही बिघडत नाही. पण पूल जर पानासारखा पातळ व लवचिक असला, तर प्रत्येक पिळासरशी नवे बळ मिळून तो अधिकाधिक पिळवटत जातो.

असे एकदा प्रत्यक्ष घडले. अमेरिकेत टॅकोमा येथील सामुद्रधुनीवर १ जुलै १९४० रोजी एक झुलता पूल खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर ८५३ मीटर, पण रुंदी अवघी १२ मीटर. म्हणजे लांबीचा सत्तरावा हिस्साही नाही. कडेच्या तुळया जाळीच्या न करता सुमारे अडीच मीटर उंचीच्या भरीव पत्र्याच्या केल्या होत्या. पूल पहिल्यापासूनच वरखाली लाटा मारी. लोकांनी त्याचे नाव 'दौडणारी गर्टी' असे ठेवले, आणि गंमत म्हणून माणसे दुरून त्यावर फिरावयास येत. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सकाळी ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाचा वारा सुटला. याहून कितीतरी प्रचंड वाऱ्याचा दाब सोसेल असा हिशेब करूनच तो पूल बांधलेला होता. पण मधल्या एका जागी दोराची पकड सरकली, लाटांचे हलणे थांबून पिळाचे हलणे सुरू झाले, आणि सुमारे तासाभरात पुलाचा मधला भाग खाली पाण्यात गेला. माणूस कोणी मेला नाही. मोटारीत अडकलेला एक कुत्रा तेवढा गेला. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ही कथा झोपाळ्याच्या ठेक्याचा दृष्टांत म्हणून देतात. परंतु शेवटचा घात ठेक्याने केला नाही, पिंपळपानाच्या न्यायाने केला. हिशेब वाऱ्याच्या जोराचा झाला होता. वाऱ्याच्या खोडीचा झाला नव्हता.

यात खेदाची गोष्ट अशी की हा धडा नवा नव्हता. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर १८२६ साली झालेल्या झुलत्या पुलाची १८३९ च्या वादळाने मोडतोड केली होती. पण मधल्या शतकात दोर उत्तम निघाले, हिशेब सूक्ष्म झाले, पूल सडपातळ होत गेले आणि वारा विसरला गेला. टॅकोमानंतर मात्र तो कोणी विसरले नाही. तेथेच १९५० साली नवा पूल झाला. तो रुंद, खोल जाळीच्या तुळयांचा, आणि मार्गात वारा निघून जाण्यास फटी ठेवलेला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडातील सेव्हर्न नदीवर विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या कडांचा पूल झाला, त्यावरून वारा भोवरे न करता सरकून जातो. आता मोठ्या पुलाची लहान प्रतिकृती करून ती आधी वाऱ्याच्या बोगद्यात पारखून घेतात. आपल्या विदर्भातच चिखलदऱ्यास दरीवरून ४०७ मीटर लांबीचा काचेचा झुलता मार्ग सिडकोने हाती घेतला. त्याचे एक टोक ज्या कड्यावर, त्याचे नाव इंग्रजांनी 'हरिकेन पॉइंट' म्हणजे तुफानाचे टोक असे ठेवलेले! तेथे वाऱ्याची परीक्षा कागदावर घेऊन भागणारे नाही, हे सांगावयास नकोच.

वहिनींना आम्ही एवढे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "मग मोरबीचा पूल वाऱ्यानेच पडला का हो?" नाही. गुजराथेतील मच्छू नदीवरचा तो पूल एकोणिसाव्या शतकातला. दुरुस्तीनंतर तो पुन्हा उघडून चार दिवस झाले नाहीत तोच, ३० ऑक्टोबर २०२२ च्या सायंकाळी, गर्दीच्या भाराने तुटला आणि १३५ माणसे प्राणास मुकली. मुख्य दोरातील कित्येक तारा आधीच गंजून तुटलेल्या होत्या, असे चौकशीत आढळले. तेथे दोष वाऱ्याचा नव्हता आणि झुलण्याचाही नव्हता. दोष होता माणसाच्या निष्काळजीपणाचा. वारा एक वेळ पूर्वसूचना देतो. गंज देत नाही.

मग या वनप्रांतात झुलते पूल का नसावेत? थोरल्या नद्यांची पात्रे येथे फार रुंद, तीर ठेंगणे व वालुकामय, आणि मालमोटारींची ये-जा मोठी. तेथे खांबांवरचे उंच पक्के पूलच योग्य. सिरोंच्याजवळ गोदावरीवर झालेला दीर्घ पूल याच जातीचा आहे. पण आडवाटेच्या गावांचे नाले अरुंद असतात आणि त्यांवरून मुख्यतः माणसे पायी जातात. पूर आला की शाळेची मुले अलीकडे राहतात, गर्भिणीस खाटेवर घालून पाण्याकाठी उतार पडण्याची वाट पाहावी लागते. अशा जागी दोन्ही काठ उंच व टणक असतील, तर एक साधा पादचारी झुलता पूल पुष्कळ जीव वाचवील. त्यास आजूबाजूंनी ताणदोर द्यावे, म्हणजे तो पिळवटणार नाही. फळ्यांत फटी ठेवाव्या, म्हणजे वारा अडणार नाही. आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी जबाबदार माणसाने त्याचा एकेक दोर व एकेक बिरडे हाताने चाचपून पाहावे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत स्वस्त, आणि आपल्याकडे तेच सर्वांत दुर्मीळ.

आलापल्लीच्या वाटेवर वारा सुटला की बांबूची बेटे करकरत वाकतात आणि वारा पडला की पुन्हा सरळ उभी राहतात. वाकण्यात त्यांची नामुष्की नाही. मूळ मात्र घट्ट हवे. झुलत्या पुलाचेही तसेच आहे. त्याने झुलावे, वाकावे, वाऱ्यास वाट द्यावी. पिळवटू मात्र नये, आणि त्याचे मूळ सांभाळणारा हात कधी ढिला पडू नये. एवढे साधले तर श्रावणातल्या पुरात पलीकडच्या तीरावर अडकलेल्या माणसास तो हलणारा पूलच सर्वांत स्थिर आधार वाटेल.