माऊसविना झिप

मनगट धरलं म्हणून डॉक्टरांनी माऊस बंद केला आणि नेमके तेव्हाच सोसायटीचे कागद ऑडिटरना पाठवायचे होते. सगळे एकत्र, झिप करून. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, वेगळं काही टाकू नकोस. विंडोजमध्येच सोय आहे, तीही कीबोर्डवर."

मला फोल्डरमधल्या सगळ्या फायली नको होत्या, मधल्या-मधल्याच हव्या होत्या. त्यासाठी कंट्रोल धरून खालचा बाण दाबायचा. निळा पट्टा जागच्या जागी राहतो आणि केसाएवढी बारीक चौकट तेवढी खाली सरकते. ती शोधण्यातच माझे डोळे फुटायची वेळ आली! हव्या त्या फायलीवर चौकट आली की कंट्रोल धरूनच स्पेसबार. कंट्रोल न धरता बाण दाबला, की आधीची सगळी निवड गुल. पुढे शिफ्ट आणि एफ १० दाबलं की राइट क्लिकचा मेनू येतो. त्यात एन, मग सी. (हे माझ्या विंडोज १० वरचं, ११ मधला मेनू वेगळा आहे म्हणे.) झिप फाइल तयार! नाव टाइप करून एंटर.

झिप उघडून एकेका फायलीवर ऑल्ट-एंटर दाबून आकार पाहिला आणि चक्रावले. गळक्या टाकीचे फोटो जवळपास होते तेवढेच. वर्डमधली इतिवृत्तंही तशीच. मेंटेनन्सच्या हिशोबाची सीएसव्ही फाइल मात्र पार आक्रसलेली.

भाच्याने उलगडा केला. हिशोबात दर ओळीला तेच तेच शब्द. झिप ते एकदाच लिहून ठेवतं. पुढे नुसतं 'इतकं मागे जाऊन बघ' एवढीच खूण. जेपेग फोटो आधीच दाबलेले, त्यांच्यात काढण्यासारखं उरलेलंच नसतं. आणि डॉक्सएक्स ही मुळात झिपच! माझा विश्वास बसेना. एका प्रतीचं शेपूट एफ २ ने बदलून डॉक्सएक्सच्या जागी झिप केलं. विंडोजने दम दिला, तरी हो म्हटलं. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात एक्सएमएल फायली. माझं इतिवृत्त तिथे कंसांच्या जंगलात विखुरलेलं.

२००१ च्या एक्सपीतही ही सोय होती म्हणे. मग कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दर वेळी वेगळं झिप सॉफ्टवेअर कशाला घातलं, देव जाणे.

झिप जीमेलच्या २५ एमबीत काही बसेना. शेवटी फोटो वगळले, ड्राइव्हवर चढवले आणि लिंक पाठवली. ऑडिटरनी अजून ती उघडलेली दिसत नाही.