भामचंद्राची वाट आणि हातातले यंत्र

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून वासुलीकडे निघालात, की कारखान्यांच्या पलीकडे भामचंद्राचा डोंगर दिसू लागतो. तुकोबांनी इथल्या गुहेत चिंतन केले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पूर्वी वाट चुकली तर बांध, ओढा नाहीतर एखादे वडाचे झाड खूण सांगे. आता बांधांच्या जागी कंपन्यांची कुंपणे आली. त्यात पावसाळी धुके उतरले आणि सोबत म्हातारी माणसे, लेकरे असली, की जीव टांगणीला लागतो.

शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे; पण डोंगर चढणाऱ्याला, चुकलेले गुरू शोधणाऱ्याला हातात मावणारे जीपीएस यंत्र उपयोगी पडते. ते किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ठरवते. मोबाइलचा टॉवर लागत नाही. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: ओल्या हातांनी दाबता येणारी बटणे, पाण्याने न बिघडणारी बांधणी आणि गावच्या दुकानात मिळणारे पेन्सिल सेल. मोठ्या रंगीत पडद्याला भुलू नये.

गुहेत आकाश झाकले जाते, तिथे यंत्र मुके होते. म्हणून पायथ्याशी, मोकळ्या जागेवरच खूण नोंदवून मग चढावे. दिवेलागणीला घरी आणील, तेच यंत्र खरे.