हवेत वसंत, पाण्यात हिवाळा

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातील अनेक घरांत परदेशप्रवासाची लगबग सुरू होते. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात असते, नातवंडांना सुट्टी लागायची असते आणि आजी-आजोबांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट व तीन महिन्यांची औषधे भरली जातात. तेथे पोहोचल्यावर एखादा शनिवार-रविवार गाठून ‘लेक टाहो’ची सहल हमखास ठरते. त्या सरोवराचा हा परिचय आहे. त्याच्या काठावर उभे असताना ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी काय ध्यानी ठेवावे, हेही त्यासोबत सांगायचे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोपासून टाहो सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. सॅक्रामेंटोचे उबदार मैदान मागे पडले की रस्ता सिएरा नेवाडा पर्वत चढू लागतो. देवदारासारखे सरळसोट वृक्ष दिसू लागतात आणि मे महिन्यातही उंचावरच्या रस्त्याकडेला बर्फाचे ढीग आढळतात. मग एका वळणावर अकस्मात निळेपणाचा विस्तार समोर येतो. कॅलिफोर्निया व नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवरचे हे सरोवर सुमारे ३५ किलोमीटर लांब आणि १९ किलोमीटर रुंद आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे टाहोचे पाणी महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याहूनही उंचावर साठलेले आहे. खोली तर ५०१ मीटर. कुतुबमिनारासारखे सहा मिनार एकावर एक रचले तरी ते या पाण्यात बुडून जातील.

या पाण्याची निर्मळता विख्यात आहे. मार्क ट्वेन तरुणपणी येथे राहिला होता. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने नोंदवले आहे, की उथळ भागात तळ इतका स्पष्ट दिसे की आपली नाव हवेत तरंगत असल्याचा भास होई. हा भास आजही होतो, आणि तो फसवाही आहे. तळाचे गुळगुळीत दगड हाताच्या अंतरावर वाटतात. प्रत्यक्षात तेथे पुरुषभर पाणी असते. काही ठिकाणी तर काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकाएकी खोल जातो.

त्याहून मोठी फसगत उन्हाची असते. मे महिन्याच्या दुपारी आकाश निरभ्र असते, ऊन अंगाला सुखावते, स्वेटर काढून ठेवावासा वाटतो. हवा एका दिवसात तापते. एवढ्या प्रचंड जलसाठ्याला तापायला महिने लागतात. अथांग खोलीमुळे टाहो हिवाळ्यात पूर्ण गोठत नाही, परंतु वसंतात त्याला लवकर ऊबही येत नाही. शिवाय भोवतीच्या शिखरांवरचा बर्फ नेमका याच काळात वितळतो आणि साठाहून अधिक ओढ्यांवाटे सरोवरात उतरतो. त्यामुळे मे महिन्यात पाण्याचे तापमान बहुधा १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

आपल्याकडच्या अनेक आजोबांनी बालपणी पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहण्याचे धडे घेतलेले असतात. पावसाळ्यातील नदीही त्यांनी पार केलेली असते. समोर एवढे स्वच्छ, शांत पाणी पाहून जुना हुरूप जागा होणे स्वाभाविक आहे. परंतु विहिरीच्या पाण्यात कमावलेले कौशल्य या थंडीत उपयोगी पडत नाही. येथे माणूस पोहता येत नाही म्हणून बुडतो असे नाही. पोहू लागण्यापूर्वीच त्याचा श्वास ताब्यातून जातो.

कॅनडातील संशोधक गॉर्डन गिसब्रेश्ट यांनी हा धोका ‘एक-दहा-एक’ अशा सोप्या सूत्रात मांडला आहे. पहिले एक मिनिट श्वासाचे. त्वचेला गार पाण्याचा स्पर्श होताच मोठा उसासा घेतला जातो आणि श्वास धापेसारखा जलद होतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर तो उसासाच घातक ठरतो. पुढची सुमारे दहा मिनिटे स्नायूंची. तेवढ्या अवधीतच हातपाय कामाचे राहतात. मग बोटांची पकड सुटते आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात जड होतात. शरीराचे आतील तापमान उतरून शुद्ध हरपण्यास साधारण एक तास लागतो. म्हणजे ज्याला आपण थंडीने गारठणे म्हणतो तो टप्पा शेवटचा आहे. बहुतेक घात त्याआधीच झालेला असतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत त्या पहिल्या मिनिटाचा भार हृदयावर पडतो. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब झपाट्याने चढतो, नाडी धावू लागते. त्याच वेळी चेहरा पाण्यात गेला, तर नाडी मंद करणारी शरीराची दुसरी प्रतिक्रिया जागी होते. या ओढाताणीत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा पूर्वी पक्षाघात झाला आहे, त्यांनी असा प्रयोग करूच नये. वयानुसार कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्तीही घटते. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावली असेल, तर गारठा आणि दगडाची जखम दोन्ही वेळेवर कळत नाहीत.

कोणी चुकून पाण्यात पडलेच, तर लगेच हातपाय मारू नयेत. उताणे होऊन, डोके मागे टेकवून, कान पाण्यात राहिले तरी चालतील अशा रीतीने तरंगत राहावे. श्वास स्थिर होईपर्यंत एवढेच करावे. मग काठ गाठावा किंवा हाक मारावी. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. त्याने एकाऐवजी दोन जीव संकटात सापडतात. दोर, लाइफ जॅकेट, तरंगणारी कोणतीही वस्तू फेकावी आणि ९११ क्रमांकावर फोन करावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीला उभे करू नये, आडवे निजवावे. ओले कपडे हळुवार उतरवून तिला कोरडे पुसावे, डोक्यासह ब्लँकेटमध्ये गुंडाळावे. पूर्ण शुद्ध असेल तरच कोमट, गोड पेय द्यावे. हातपाय चोळणे, कढत पाण्याने अंघोळ घालणे आणि मद्य देणे कटाक्षाने टाळावे.

हाच विचार हिमालयातील यात्रेलाही लागू आहे. चारधामची दारे वसंतातच उघडतात. अलकनंदेचे पाणी तेव्हा हिमनद्यांचेच असते आणि चार हजार मीटरांहून उंचावरील हेमकुंडात तर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात. श्रद्धेने स्नान करायचे, तर एकदम डुबकी मारण्यापेक्षा काठावर सुरक्षित बसून तांब्याने आधी पायांवर, मग हातांवर पाणी घ्यावे. प्रकृती साथ देत नसेल, तर मस्तकावर केलेले प्रोक्षणही आपल्या परंपरेने स्नानाच्या जागी मान्य केलेले आहे.

टाहोचा आनंद मात्र याने उणा होत नाही. एमराल्ड बेच्या उंच कड्यावरून खालचे पाचूसारखे पाणी आणि मधले चिमुकले बेट पाहावे. सँड हार्बरच्या वाळूत खुर्ची टाकून नातवंडांचे खेळ न्याहाळावेत. ती पाण्याजवळ असतील तर एका मोठ्या माणसाची नजर सतत त्यांच्यावर असावी. नौकाविहार करायचा झाल्यास सर्वांनी लाइफ जॅकेट अंगात घालावे, हातात धरून ठेवू नये. उंची अधिक असल्याने पहिल्या दिवशी चालणे बेताचे ठेवावे आणि पाणी वरचेवर प्यावे. पायांना त्या पाण्याचा स्पर्श हवा असेल, तर कोणाचा तरी हात धरून, घोट्यापर्यंतच्या पाण्यात क्षणभर उभे राहावे. तेवढ्यानेही पावलांना ठणका लागतो, आणि वरच्या उन्हाचा या पाण्याशी अद्याप संबंध आलेला नाही, हे शरीरालाच उमगते.