बांध

2016चा उपवासकाळ. पोप फ्रान्सिस यांनी ते वर्ष दयेचं म्हणून जाहीर केलं होतं आणि वसईतल्या आमच्या चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगा एरवीपेक्षा लांब लागत होत्या. मीही उभा होतो. दरवर्षीच राहायचो. राग, शिव्या, चुकलेली मिस्सा अशी सुटी पापं मोजून यायचो. मोठं तेवढं घरीच ठेवून.

दादा गेल्यावर त्याच्या वाडीची कामं मीच बघत होतो. पावसाळा सरला की फुटका बांध नीट करताना मी तो वहिनीच्या बाजूला वीतभर सरकवायचो. नऊ वर्षांत राजेळी केळींची अख्खी ओळ माझ्याकडे आली. त्याच केळींची सुकेळी मी नाताळात वहिनीकडे पाठवायचो. आज चोरीपेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटते.

त्या दिवशी जाळीपाशी गुडघे टेकले आणि ते तोंडून निघालं. पुढची वाक्यं मी जुळवून आणली होती, पण फादरांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातला धाकटा मुलगाही असाच पाठ करून येतो, पण 'मला चाकर म्हणून ठेव' हे शेवटचं त्याचा बाप त्याला बोलूच देत नाही. मग प्रायश्चित्त सांगितलं. मला वाटलं, रोझरी असेल.

"बांध जागेवर न्या. वहिनीला सांगून न्या."

आणि पापक्षमा दिली. घेतलेलं परत करायची तयारी नसेल तर पश्चात्ताप पुरा होत नाही, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलं होतं. तेव्हा ते पेन्सिली चोरणाऱ्यांसाठी असावं असं वाटायचं.

देवाची क्षमा पाच मिनिटांत मिळाली. वहिनीच्या ओटीवर चढायला पंधरा दिवस लागले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रडेल, नाहीतर 'जाऊ दे' म्हणेल, असं मी धरून चाललो होतो. ती आत गेली आणि दोरी घेऊन आली.

"चला भावोजी, मोजू."

माप घेताना एक शब्द नाही. शेवटची खुंटी ठोकल्यावर म्हणाली, "जक्कयनं किती परत केलं होतं हो?"

चौपट. जकातदार जक्कय, तोही लूकमधलाच, 19वा अध्याय.

"मला चौपट नको. पण नऊ वर्षांच्या केळींचा हिशेब मांडा."

रात्री जुन्या वह्या काढून बसलो. घड, दर, मजुरी. मजुरी वजा केली. थोड्या वेळानं ती ओळ खोडली.