बिदरचा खजिना

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला सुरू होतो. नकाशावरचं हवं ते राज्य घ्यायचं आणि १८२१ पर्यंत चालवायचं. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१३ मध्ये आणला. मी त्यात बहमनी राज्य घेतो. राजधानी बिदर, आणि मराठी मुलखाचा मोठा भाग ताब्यात.

लढाया जिंकता येतात. राज्यकर्त्याचा कस लागतो तो तह झाल्यावर. कुठल्याही प्रांतावर क्लिक केलं की दोन आकडे दिसतात, ऑटोनॉमी म्हणजे स्वायत्तता आणि अनरेस्ट म्हणजे असंतोष. ऑटोनॉमी जितकी जास्त, तितका त्या प्रांताचा कर आणि माणूसबळ केंद्राच्या हाती कमी लागतं. एक बटण दाबून ती २५ टक्क्यांनी उतरवता येते. वसुली वाढते, पण असंतोष एकदम १० ने चढतो. उलट बटण दाबलं की प्रांत शांत होतो आणि तिजोरीला खार लागतो. मला या खेळातली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटते. उत्पन्न आणि बंड एकाच वहीत लिहिलेलं असतं. लष्करी पॉइंट मोजून दडपशाही करण्याचीही सोय आहे. तिने बंडाची घडी पुढे ढकलली जाते, चिडलेली माणसं तशीच राहतात.

हेच बटण बिदरमध्ये खरोखर दाबलं गेलं होतं. इराणातल्या गिलानहून आलेला महमूद गावान बहमनींचा वजीर झाला, तेव्हा राज्याचे चार मोठे तरफ, म्हणजे सुभे, होते आणि प्रत्येक तरफदार आपल्या जागी जवळजवळ राजाच होता. गावानने चाराचे आठ केले. दौलताबादेतून जुन्नर वेगळं काढलं, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग केले. जमिनीची मोजणी सुरू केली, प्रत्येक तरफातली काही जमीन थेट सुलतानाच्या खालशात घेतली. तरफदाराकडे किल्ला एकच ठेवला; बाकीच्या किल्ल्यांवर सुलतान नेमेल तो किल्लेदार. कारभार म्हणून यात नाव ठेवायला जागा नाही. पण ज्यांचे मुलूख आणि किल्ले गेले, ते सरदार दरबारात रोज समोर उभे होते. त्यांनी गावानच्या शिक्क्याचं बनावट पत्र तयार केलं, ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण देणारं. १४८१ च्या एप्रिलमध्ये सुलतानाने ते खरं मानून गावानचा शिरच्छेद करवला. त्या कटात तेलंगणाचा तरफदार निजाम-उल-मुल्क होता. त्याचाच मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये जुन्नरला स्वतंत्र झाला, आणि निजामशाही उभी राहिली. गावानने सुधारणेसाठी वेगळा काढलेला तरफच सुटून गेला!

सरदारांचा हा राग खेळात चांगला उतरला आहे. शेतकऱ्याची भूक मात्र उतरलेली नाही, आणि हे मला मनापासून खुपतं. धान्य इथे व्यापाराचा माल आहे, त्याचा भाव आहे, पण दुष्काळात कोठार उघडावं की नाही, हा प्रश्न राज्यकर्त्यापुढे ठाकत नाही. याच बहमनी काळातली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राच्या घरोघरी ठाऊक आहे. त्यांनी सरकारी कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं, आणि विठ्ठलाने विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे त्याची रक्कम भरली, असं परंपरा सांगते. कथेतला चमत्कार कुणी मानो न मानो, तिच्यातला पेच अस्सल राज्यकारभाराचा आहे. धान्य सरकारचं, भूक रयतेची, आणि मधे एक अंमलदार. रयतेने त्या अंमलदाराला संत केलं, यावरून तिला राज्याकडून काय हवं होतं ते कळतं.

तरुण मुलं हे खेळ तासन्‌तास खेळतात आणि राज्य कसं चालतं याची पहिली कल्पना त्यातून घेतात. म्हणून असे खेळ करणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे: सारा माफ करण्याचा आणि कोठार खुलं करण्याचा पर्याय द्या, आणि त्याची पूर्ण किंमत खजिन्यातून वसूल करा.