सर्व्हर बंद, ओळख चालू

शहापूरला रेशनच्या दुकानात अम्मीसोबत उभा होतो. ई-पॉस मशीनवर तिनं तीनदा अंगठा ठेवला. सर्व्हर उत्तर देईना. दुकानदार म्हणाला, "चाची, उद्या या." तो तिला वर्षानुवर्षं ओळखतो, आमच्या घरात खाणारी तोंडं किती, हेही त्याला ठाऊक. पण त्याची ओळख मशीनला चालत नव्हती. रिकामी पिशवी घेऊन परतताना मी सर्व्हरला नावं ठेवत होतो. अम्मी म्हणाली, "तू पण हेच काम करतोस ना?"

महिन्याभरातच मुरबाडमध्ये माझ्यावर तीच पाळी आली. तिथल्या एका संस्थेची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. सगळी यंत्रं लिनक्सवर आणि सगळ्यांची नावं, पासवर्ड एकाच एलडॅप सर्व्हरवर. मुलगा कुठल्याही यंत्रावर बसो, पासवर्ड तोच. सोय मोठी. पण प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी सर्व्हरची डिस्क गेली. यंत्रं धडधाकट, वीज चालू, मुलं दारात. तरी एकही यंत्र कुणाला ओळखेना. माझं खातंही त्याच सर्व्हरवर! वाड्यापाड्यांवरून पहिली एसटी धरून आलेल्या मुलांना मीच सांगितलं, "उद्या या."

उपाय होता, मीच केला नव्हता. लिनक्सवर एसएसएसडी नावाची सेवा असते. सर्व्हर चालू असताना तुम्ही एकदा लॉगिन केलंत की ती पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड उलगडत नाही असा ठसा, त्याच यंत्रावर जपून ठेवते. सर्व्हर पडला तरी ठसा जुळला की आत घेते. ही सोय मुळात बंद असते. सेटिंगमध्ये एक ओळ लिहून चालू करावी लागते.

तिला मर्यादाही आहेत. ज्या यंत्रावर तुम्ही कधी बसलाच नाहीत, त्याला तुम्ही परकेच. आणि ज्याचं नाव आज सर्व्हरवरून काढलं, त्याला जुनी ओळख ठेवणारं यंत्र सर्व्हर बंद असताना आत घेईल. म्हणून ही ओळख शेवटच्या ऑनलाइन लॉगिनपासून किती दिवस धरायची, ते ठरवावं लागतं. न ठरवल्यास आकडा शून्य, आणि इथे शून्य म्हणजे कायमची. मी सात दिवस ठेवले. दुसरा सर्व्हर जोडला. मुलांचे होम फोल्डर त्या त्या यंत्रावर आणले, नाहीतर दार उघडून आत घर नाही अशी गत. प्रत्येक यंत्रावर माझं एक स्थानिक खातं केलं. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, कपाटात.

आता परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलाला त्याच्या ठरलेल्या यंत्रावर एकदा लॉगिन करायला लावतो. मग मुद्दाम सर्व्हरची वायर काढतो आणि पुन्हा लॉगिन करायला सांगतो. रेशनचं मशीन माझ्या हातात नाही. लॅब आहे.