रविवारची सुई

शनिवारचा शेवटचा तास आटोपला की मी बडनेऱ्याहून अकोल्याकडची गाडी धरते. मैत्रिणी चिडवतात, "हिला घरची फार ओढ!" ओढ तर आहेच. पण रविवारी सकाळी आईला सुई टोचायची असते, आणि आमच्या घरात ते काम मलाच जमते.

आईला आमवात आहे. वयाने हाडे झिजतात तो नव्हे. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर चालून जाते, तो. कापूस वेचणारे तिचे हात सकाळी तास-दीड तास मिटतच नसत. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या. त्यांनी फार मळमळे, म्हणून इंजेक्शन आले. पोटाच्या कातडीखाली, आठवड्यातून एकदाच. रोज घेतले तर जिवावर बेतते, असे डॉक्टरांनी तीनदा बजावले. तेव्हा सुई गावातल्या नर्सबाई देत.

चूक माझी झाली. खोक्यातला इंग्रजी कागद पुढे करून आई म्हणाली, "काय लिवलं हाये व याच्यात? वाच." कॉलेजात जाणारी मुलगी! शब्दकोश घेऊन मी सगळे वाचले : मळमळ, तोंड येणे, थकवा, केस गळणे, यकृताला इजा, रक्तातल्या पेशी घटणे, आणि कर्करोग हा शब्दही. नेहमी होणारे कोणते नि क्वचित होणारे कोणते, हे मी वेगळे केलेच नाही. मलाच ते उमगले नव्हते.

दिवाळीला गेले तर भाकर थापताना आईची बोटे सुजलेली. चार आठवड्यांच्या सुया ज्वारीच्या कोठीत निघाल्या.

"मले कॅन्सर हाये, अन् तुमी सांगून नाई राह्यले," ती म्हणाली.

तिला घेऊन मी अकोल्याला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उलगडून सांगितले. औषध तेच, पण कर्करोगात मात्रा कितीतरी मोठी असते. दुसऱ्या दिवशी मळमळ नि थकवा नेहमीचेच; फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी घेतली की त्रास कमी होतो. रक्त मात्र ठरल्या वेळी तपासायचे. ताप, कोरडा खोकला, धाप यांपैकी काही झाले तर लगेच यायचे.

पुढे ग्रंथालयात वाचले, की अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे औषध चाळीसच्या दशकात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झाले. ते १९४८ साली वारले. आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८८ साली. हे सांगितल्यावर आई एवढेच म्हणाली, "आपल्या इकडचाच मानूस व्हय त मंग."

गुण यायला दोन महिने लागले. आता मूठ मिटते. सोमवारी ती पडून असते. "सोमवार माह्या नाई," म्हणते. गळलेले केस गुंडाळून ठेवते, केसांवर भांडी देणारी आली की वाटीसाठी घासाघीस करते.

पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. म्हणून बारावीतल्या भावाला मी संत्र्यावर रिकामी सुई टोचायला शिकवते आहे. त्याचा हात अजून कापतो.